शहरातील भिक्षा आणि दान (मुंबई)

रस्त्यावर, सिग्नलला, लोकलच्या डब्यात किंवा देवस्थानाबाहेर कुणी हात पुढे करतो आणि समोरचा काही देतो किंवा पुढे निघून जातो. या व्यवहाराला मराठीत आज सरसकट 'भीक' म्हणतात. शब्द 'भिक्षा'वरूनच आला, पण दोघांचे वजन वेगळे. भिक्षा वाढतात, ती झोळीत पडते. भीक घालतात, आणि एखाद्याच्या धमकीलाही आपण 'भीक घालत नाही'. हा फरक बराचसा जागेमुळे पडला. उंबरठ्याशी मागितली जायची ती भिक्षा, रस्त्यावर आली ती भीक. शहरात दान देताना मनाची जी घालमेल होते तिचे मूळही तिथेच आहे, म्हणून ही नोंद उंबरठ्यापासून सुरू केली आहे.

उंबरठ्यावरची भिक्षा

मुंजीत बटू 'ॐ भवति भिक्षां देहि' म्हणतो आणि आई त्याच्या झोळीत पहिली भिक्षा घालते. त्या विधीला भिक्षावळ म्हणतात. पुण्यात शिकायला आलेली गरीब मुले माधुकरी मागत किंवा वार लावून जेवत. सोमवारी कुलकर्ण्यांकडे, मंगळवारी जोशांकडे असा आठवडा लागलेला असे. पहाटे मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव चिपळ्या वाजवीत दारात येई. सुपातले पसाभर धान्य झोळीत पडले की 'दान पावलं' म्हणत एकेका देवाचे नाव घेई. न शिजवलेल्या अशा धान्याला कोरान्न म्हणत. पिंगळा, नंदीबैलवाले, परडी घेऊन जोगवा मागणाऱ्या बाया, डवरी गोसावी यांची गावे ठरलेली आणि हंगामही ठरलेला. सुगीनंतर येणारा माणूस कोण, कुठला, त्याचा बाप कधी वारला, हे घरातल्या बाईला माहीत असे. तो गाणे, आशीर्वाद आणि चार गावांच्या बातम्या देई. फुकट मागतो असे त्यालाही वाटत नसे.

या परंपरेत एकमत मात्र कधीच नव्हते. समर्थ रामदासांनी भिक्षेवर स्वतंत्र समास लिहिला. लोकांत मिसळायचे आणि लोकांची पारख करायची तर भिक्षा हवी, असा त्यांचा रोख. तुकोबांनी भिक्षापात्र हाती धरण्याला लाजिरवाणे जिणे म्हटले. गाडगे महाराज (१८७६–१९५६) गावात आले की आधी खराटा घेऊन गाव झाडत, मग भाकरी घेत.

या चित्रात जो उंबरठ्याजवळही येऊ शकत नव्हता त्याला विसरून चालणार नाही. गावकीची कामे करणाऱ्या अस्पृश्यांना भाकरी वरून टाकली जाई, आणि तिला 'हक्क' म्हणत. ग्रहणात 'दे दान सुटे गिऱ्हाण' अशी आरोळी देत जी माणसे गल्लीत फिरत तीही बहुधा याच जातींची. देणाऱ्याचे पाप त्या दानाबरोबर त्यांच्या पदरात जाते, असा त्यामागचा समज होता. १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उष्टे आणि शिळे तुकडे घेणे सोडा असे सांगितले, तेव्हा मराठी मुलुखातल्या दानाचा हा सगळा हिशेबच त्यांनी नाकारला. जुन्या भिक्षेविषयी हळवेपणाने बोलताना हे आठवायलाच हवे.

मुंबईत

मुंबई सेंट्रलकडून नागपाड्याकडे जाणाऱ्या बेलासिस रोडला आता जहांगीर बोमन बेहराम मार्ग म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळात सुरतेहून हाकलल्यासारख्या निघालेल्या गरिबांनी हा रस्ता बांधला आणि त्यांच्या मजुरीसाठी लोकवर्गणी काढली होती, असे तिथल्या शिलालेखात नोंदवलेले होते. हे शहर उपाशी आलेल्यांना तेव्हापासून ओळखते. १९७२ च्या दुष्काळात मराठवाडा आणि सोलापूर-नगरकडची कुटुंबे अशीच मुंबई-पुण्याच्या फुटपाथवर येऊन पडली. त्या काळाने रोजगार हमी योजना दिली, वि. स. पागे यांचा तिच्यामागचा विचार साधा होता, मागणाऱ्या हाताला काम द्यायचे. ज्यांचे हातच चालत नाहीत त्यांचा प्रश्न त्यानंतरही उरला.

मुंबईत दानाच्या जागा आणि वार ठरलेले आहेत. सिद्धिविनायकाला मंगळवार, हाजीअलीला गुरुवार-शुक्रवार, शनिवारी तेलाच्या भांड्यात शनीची प्रतिमा ठेवून चौकाचौकांत फिरणारे, अमावास्येला मारुतीच्या देवळाबाहेरची रांग. रमजानमध्ये जकातीचे अडीच टक्के आणि फित्रा (ईदेआधी गरिबांना द्यायचे दान) वाटला जातो, म्हणून त्या महिन्यात बाहेरगावाहूनही माणसे येतात. मुंबादेवीच्या परिसरात गाय घेऊन बसलेल्या बायका असतात. भाविक त्यांच्याकडून चारा विकत घेतात आणि त्यांच्याच गाईला घालतात. त्यात बाईला भीक मागावी लागत नाही.

माहीमला मखदूम अली माहिमींच्या दर्ग्याजवळच्या खानावळींपाशी जे चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. दुकानासमोर फुटपाथवर माणसे ओळीने उकिडवी बसलेली असतात. कुणी हात पसरत नाही, कुणी ओरडत नाही. एखादा माणूस येतो, गल्ल्यावर पैसे ठेवतो आणि 'दहा' म्हणतो. गल्ल्यावरचा मान हलवतो. ओळीतले पुढचे दहा उठतात, जेवायला बसतात आणि मागचे सरकून त्यांच्या जागी येतात. जेवणारा आणि देणारा एकमेकांचे तोंडही पाहत नाहीत. देणारा नवस फेडायला आला होता, बापाच्या बरसीसाठी की सहज, हे कुणी विचारत नाही. 'हा खरा गरजू कशावरून?' हा प्रश्नही इथे उठत नाही, कारण भूक नसताना तासभर उकिडवे कोण बसेल?

परळला टाटा रुग्णालयाबाहेर फुटपाथवर राहणारे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांना भिकारी म्हणणे अन्यायाचे आहे. जमीन गहाण टाकून आलेला शेतकरी तिसऱ्या महिन्यात खिचडीच्या रांगेत उभा राहतो. आपण कधी अशा रांगेत उभे राहू असे त्याच्या स्वप्नातही आलेले नसते. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा अशा माणसांनाच आसरा देते.

लोकलमध्ये दोन फरशीच्या तुकड्यांवर ताल धरून गाणारी पोरे आणि खांद्यावर हात ठेवून एकामागून एक चालणारी अंध जोडपी रोजच्या प्रवाशाला तोंडपाठ असतात. रेल्वे कायद्याच्या (१९८९) कलम १४४ प्रमाणे गाडीत किंवा स्टेशनात भीक मागायला मनाई आहे; त्यासाठी पूर्वी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकत असे.

कायदा

मुंबई प्रांतात १९४५ साली भिक्षेकऱ्यांविषयी कायदा झाला. त्याची जागा १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने घेतली. पुढे अनेक राज्यांनी त्याचाच कित्ता गिरवला. त्याची व्याख्या वाचली म्हणजे अंगावर काटा येतो. सार्वजनिक जागी भिक्षा मागणे किंवा स्वीकारणे ही भीक आहेच. त्यासाठी गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करणे किंवा काही वस्तू विकायला पुढे करणेही त्यात येते. जखम उघडी दाखवणे येते. आणि ज्याच्या उपजीविकेचे साधन दिसत नाही, पण अवतार पाहून तो भिक्षेवर जगत असावा असे वाटते, अशा माणसाचे नुसते हिंडणे किंवा थांबणेही येते. म्हणजे वासुदेवही यात सापडतो, सिग्नलला पेन विकणारे पोरही सापडते आणि काम शोधायला आलेला मळक्या कपड्यांचा मजूरही.

पोलीस वॉरंटशिवाय पकडू शकतात. पहिल्या खेपेला किमान एक आणि जास्तीत जास्त तीन वर्षे भिक्षेकरी गृहात स्थानबद्धता. पुन्हा पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. पकडलेल्याच्या आधारावर जगणाऱ्या माणसालाही न्यायालय आत ठेवू शकते. मुंबईत चेंबूरचे भिक्षेकरी गृह यासाठीच आहे. महाराष्ट्रात अशी १४ गृहे आहेत. आतल्या माणसांना कामाचा मोबदला अनेक दशके महिन्याला ५ रुपये होता. २०२५ साली राज्य मंत्रिमंडळाने तो दिवसाला ४० रुपये केला. ज्या माणसाला 'कष्ट कर' असे शहर येताजाता सुनावते त्याच्या कष्टाची किंमत सरकारी दप्तरात इतकी होती.

दिल्लीला हाच कायदा लागू होता. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागणे गुन्हा ठरवणारी त्यातली कलमे घटनाबाह्य ठरवली. जगण्याची साधने पुरवण्यात राज्य कमी पडते म्हणून माणूस मागतो, त्याला गुन्हेगार ठरवता येणार नाही, असा त्या निकालाचा गाभा. जुलै २०२१ मध्ये कोरोनाच्या काळात भिकाऱ्यांना रस्त्यांवरून हटवावे ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली नाही. महाराष्ट्रात १९५९ चा कायदा चालूच आहे. इंदूरने तर १ जानेवारी २०२५ पासून भीक देणाऱ्यावरही गुन्हा नोंदवायचे ठरवले. केंद्राच्या 'स्माईल' योजनेत (२०२२) पुनर्वसनाची भाषा आहे. पुनर्वसन आणि उचलबांगडी यांतला फरक प्रत्यक्षात गाडी घेऊन येणाऱ्या माणसांवर ठरतो.

२०११ च्या जनगणनेत देशात ४,१३,६७० भिकारी आणि निराश्रित मोजले गेले. ज्याला पत्ता नाही त्याला मोजणे किती अवघड, हे लक्षात ठेवूनच हा आकडा वाचावा.

मुले

सिग्नलला काचेवर टकटक करणाऱ्या मुलाला पैसे द्यावेत का, या प्रश्नावर सज्जन माणसांतही दोन तट आहेत. मुलाला भीक मागायला लावणे हा बाल न्याय कायद्याच्या (२०१५) कलम ७६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, आणि त्यासाठी मुलाला अपंग करणाऱ्याला किमान सात वर्षे. असे गुन्हे घडतात. पण प्रत्येक मुलामागे टोळी असते आणि कडेवरचे प्रत्येक बाळ चोरलेले असते, हा समज गुन्ह्यांपेक्षा कितीतरी पटींनी मोठा झाला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात सोलापूरकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना मुले पळवणारे समजून जमावाने ठेचून मारले. ते भिक्षा मागायला आले होते. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या दारात ओळखत होते, त्यांची ओळख एका मोबाइलवरच्या अफवेपुढे टिकली नाही.

ठाण्यात तीन हात नाक्याच्या उड्डाणपुलाखाली २०१६ पासून सिग्नल शाळा चालते. कंटेनरमध्ये वर्ग, समर्थ भारत व्यासपीठ आणि ठाणे महापालिका यांचा उपक्रम. गजरे विकणारी, मागणारी मुले आधी आंघोळ करतात, मग फळ्यासमोर बसतात. सिग्नलवरून मूल हाकलले तर ते पुढच्या सिग्नलला जाते. ही शाळा सिग्नललाच उभी राहिली, म्हणून मुले तिथे पोचली. एकट्या दुकट्या मुलाविषयी शंका आली तर मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा फोन क्रमांक आहे.

देणारा

'पैसे देत नाही, हवं तर वडापाव घेऊन देतो,' असे म्हणणारे पुष्कळ आहेत. हेतू चांगलाच असतो. मात्र मागणाऱ्याने वडापाव नाकारला की 'बघा, भूक नव्हतीच' असा निकाल लगेच लागतो. देवळाबाहेर बसलेल्या बाईला सकाळपासून चार जणांनी केळी आणि बिस्किटे दिलेली असतात. तिला संडासाचे पैसे हवे असतात, आंघोळीचे हवे असतात, गुडघ्याच्या गोळ्या हव्या असतात. या गोष्टी अन्नदानात येत नाहीत. पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे मंदिर-मशिदींबाहेर बसलेल्यांवर जागेवरच उपचार करतात. देवळाबाहेरच्या गरजा जेवणापुरत्या नाहीत, हे त्यांच्या कामाकडे पाहिले की कळते. फसवणूकही होते हे नाकारण्यात अर्थ नाही. बाळासाठी दुधाच्या पावडरीचा डबा घ्यायला लावून तो मागाहून दुकानात परत देणे हा मुंबईतला जुना प्रकार आहे.

जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेली दहा रुपयांची शिवभोजन थाळी (दोन चपात्या, भाजी, वरण, भात) ही वेगळ्या वाटेची योजना. हातात नाणे असलेला माणूस तिथे गिऱ्हाईक म्हणून जातो. पण नाणे हातात येणेच आता कठीण झाले आहे. 'सुटे नाहीत' हे पूर्वी टाळण्याचे उत्तर होते. फोनवरून पैसे देण्याची सवय लागल्यापासून ते पुष्कळदा खरेच असते. बसवाल्यांना आणि पानवाल्यांना मोड पुरवून मागणाऱ्यांना चार पैसे सुटत, तेही आटले.

नकाराचीही एक रीत होती. देण्यासारखे नसले तर बाई दारातूनच सांगायची, 'अजून चूल पेटली नाही, पुढं हो बाबा.' मागणाराही 'बरं माय' म्हणून पुढच्या घराकडे वळायचा. शहरात अजूनही ती पुरती गेलेली नाही. दादरच्या पुलावर, बसच्या रांगेत एखादी आजी कपाळाला हात लावून 'माफ कर रे बाबा' म्हणते आणि मागणारा 'असू दे मावशी' म्हणून पुढच्याकडे जातो. सिग्नलला काच वर केलेली असते. तिथे दोघांपैकी कुणालाच यातले काही म्हणता येत नाही.