जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेवरील इंधनप्रदूषण : आरोग्य-जोखमीचे मूल्यमापन

पेट्रोल पंप बंद झाल्यावर त्या जागेच्या मातीत, भूजलात आणि मातीतल्या हवेत उरलेले इंधन तिथे राहणाऱ्यांना, काम करणाऱ्यांना किंवा शेजारच्या विहिरीचे पाणी पिणाऱ्यांना कितपत अपाय करू शकते, हे ठरविण्याची पद्धत. तिची जडणघडण मुख्यतः अमेरिकेत झाली. तिथे जमिनीखालील टाक्यांसाठी १९८४ मध्ये कायद्यात तरतूद झाली, १९८८ मध्ये नियम आले आणि आजवर ५ लाखांहून अधिक गळत्यांची नोंद झाली आहे. १९९५ मध्ये एएसटीएम या मानक संस्थेने जोखमीवर आधारलेली टप्प्याटप्प्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिचा मुख्य प्रश्न असा : प्रदूषक माणसापर्यंत पोहोचतो का, आणि कोणत्या वाटेने?

गळती बहुधा गंजलेल्या एकपदरी पोलादी टाकीतून किंवा पाइपांच्या सांध्यांतून होते. टँकर रिकामा करताना सांडलेले तेलही वर्षानुवर्षे मुरत राहते. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्याने भूजलावर त्याचा थर तरंगतो. पावसाळ्यात पातळी चढते, उन्हाळ्यात उतरते आणि तो थर मधल्या मातीला फासला जातो. म्हणून एकाच ऋतूत घेतलेल्या नमुन्यांवर विसंबू नये.

खोदकामाआधी पंपाचा इतिहास काढणे अधिक फायद्याचे ठरते. शिसेयुक्त पेट्रोल अमेरिकेत १९९६ पासून आणि भारतात २००० मध्ये बंद झाले. त्याआधीच्या पेट्रोलमध्ये शिशाबरोबर एथिलीन डायब्रोमाइड हे रसायन असे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात या रसायनाची कमाल मर्यादा लिटरला ०.०५ मायक्रोग्रॅम आहे, बेंझीन या पेट्रोलमधील घटकाची ५. प्रयोगशाळेकडून फक्त बेंझीन, टोल्युइन, एथिलबेंझीन आणि झायलीन मोजून घेतले, तर शंभरपट कडक मर्यादा असलेला हा पदार्थ अहवालात येतच नाही. पंपाला लागून गॅरेज असेल, तर जळके ऑइल आणि सुटे भाग धुण्याची द्रावणेही तपासावी लागतात.

पेट्रोलमधील घटकांत सर्वाधिक लक्ष बेंझीनकडे असते. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ते मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. दीर्घकाळच्या संपर्काने रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. वास येत नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत इथे घातक आहे. बेंझीनचा वास साधारण घनमीटरला ५ मिलिग्रॅमच्या सुमारास जाणवू लागतो, तर भारतातील हवेचे वार्षिक मानक घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याच्या हजारावा भाग आहे. एमटीबीई या पेट्रोलमधील मिश्रकाची गोष्ट उलटी. त्याची चव आणि वास लिटरला २० ते ४० मायक्रोग्रॅमलाच पाणी नकोसे करतात. कॅलिफोर्नियातील सँटा मोनिका शहराला १९९६ मध्ये या पदार्थामुळे विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराचा जवळपास निम्मा पाणीपुरवठा गेला.

वाफेच्या वाटेबाबत पेट्रोल थोडे सुदैवी आहे. मातीत ऑक्सिजन असेल तर जिवाणू त्याची वाफ वर येईपर्यंत फस्त करतात. त्यामुळे अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेनुसार, इमारतीचा तळ आणि तरंगता थर यांत सुमारे साडेचार मीटर स्वच्छ माती असल्यास सहसा पुढील तपासणी लागत नाही. इंधन केवळ पाण्यात विरघळलेले असेल तर सुमारे दोन मीटर पुरतात. भेगा किंवा जुन्या गटारवाहिन्या असतील तिथे हा आडाखा चालत नाही. गटारात साठलेल्या वाफेचा तातडीचा धोका स्फोटाचा असतो. मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे २२ एप्रिल १९९२ रोजी पेट्रोलवाहिनीच्या गळतीमुळे गटारे फुटली आणि २०० हून अधिक माणसे मेली. ती गळती पंपाची नव्हती, पण वाफेची चाल तीच.

कर्करोगाची जोखीम आयुष्यभराच्या संपर्कावर काढतात. दहा लाखांत एक जादा रुग्ण ही कडक रेषा मानली, तर हवेत बेंझीन घनमीटरला ०.१३ ते ०.४५ मायक्रोग्रॅम इतकेच चालते. रहदारीच्या शहरात रस्त्यावरची हवाच ही मर्यादा ओलांडते. घरात सिगारेट किंवा तळमजल्यावर लावलेली स्कूटर असली की आकडा आणखी फुगतो. म्हणून फरशीखालची, घरातली आणि बाहेरची हवा एकाच वेळी मोजतात. नाहीतर पंपाचा दोष कुठवर आणि शहराचा कुठून, हे कळणे अशक्य.

महाराष्ट्रात अडचण खडकाची आहे. वाळूच्या थरांसाठी बेतलेली प्रवाहाची सूत्रे दख्खनच्या बेसाल्टला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. इथे पाणी भेगांतून वाहते आणि जवळची विहीर स्वच्छ राहून लांबची बोअर बाधित होऊ शकते. त्यामुळे अंतराच्या नियमापेक्षा प्रत्येक विहीर तपासणे शहाणपणाचे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांत नवे पंप शाळा, इस्पितळे आणि वस्तीपासून ५० मीटर दूर ठेवण्यास सांगितले आहे.

पाया खोदणारे मजूर मात्र ७० वर्षांच्या आयुर्मानावर बेतलेल्या या गणितात नीट बसत नाहीत. काही आठवडे उघड्या खड्ड्यात घेतलेली तीव्र वाफ आणि त्वचेला लागलेली ओली माती यांची आकडेमोड स्वतंत्रपणे, अल्पकालीन मर्यादांशी ताडून करावी लागते, आणि खड्ड्यात उतरण्यापूर्वी ज्वलनशील वायूचा मापक लावावा लागतो.