जाताना जास्त, येताना कमी: विमानाला वेळ का बदलून लागतो?

रत्नागिरी-चिपळूणकडच्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी आखातात नोकरीला आहे. मुंबईहून सकाळी 10 वाजता सुटलेलं विमान दुबईच्या घड्याळात पावणेबाराच्या सुमारास उतरतं. पावणेदोन तासांत दुबई? तिथलं घड्याळ आपल्या दीड तास मागे, म्हणजे प्रवास झाला सव्वातीन तासांचा. घड्याळांचा हा हिशेब चोख मांडला, तरी परतीचा प्रवास सहसा लवकर आटोपतो. अंतर तेच असतं, सुमारे 1,930 किलोमीटर.

हे अंतर सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढत नाहीत. पृथ्वीगोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणला की सर्वांत जवळचा मार्ग मिळतो. मुंबई-न्यूयॉर्कचा दोरा अरबस्तान-आफ्रिकेवरून जातच नाही; तो उत्तरेकडे चढतो आणि आइसलँडवरून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाकडे उतरतो. लांबी सुमारे 12,500 किलोमीटर. नकाशावरची सरळ रेघ धरली, तर यात दीड हजाराहून जास्त किलोमीटरची भर पडेल. अर्थात दोऱ्याबरहुकूम उडणं नेहमी जमत नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं, तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्यांचा वेळ वाढला.

पण रोजचा फरक पडतो तो वाऱ्यामुळे. विमानाचा ताशी 900 किलोमीटरच्या आसपासचा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत मोजलेला असतो, आणि ती हवा स्वतःच वाहत असते. दाभोळच्या खाडीत ओहोटीबरोबर होडी समुद्राकडे कशी सुटते आणि त्याच ओहोटीत उलटं वल्हवताना हात कसे भरून येतात, तसंच हे.

मग जाताना गेलेला वेळ येताना पुरता वसूल होत असेल? होत नाही, आणि या गणितातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट हीच. मुंबई-लंडन 7,200 किलोमीटर धरू. वारा नसेल तर जाऊन-येऊन 16 तास. आता ताशी 100 किलोमीटरचा पश्चिमेचा वारा घ्या: जाताना वेग 800, वेळ 9 तास, येताना वेग 1,000, वेळ 7 तास 12 मिनिटं. बेरीज 16 तास 12 मिनिटं! समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून तोटा फायद्यापेक्षा मोठा ठरतो.

विमानं उडतात त्या उंचीवरचा हा जोरदार वारा म्हणजे जेट प्रवाह. जपानचे वासाबुरो ओइशी यांनी 1920च्या दशकात फुगे सोडून तो मोजला. हिवाळ्यात तो उत्तर भारतावरून पूर्वेकडे धावतो, अनेकदा ताशी 150 किलोमीटरहून वेगाने.

पावसाळ्यात मात्र चित्र पालटतं. हा प्रवाह हिमालयापलीकडे सरकतो आणि दक्षिण भारतावर, 14-15 किलोमीटर उंचीवर, उलटा प्रवाह सुरू होतो: पूर्वेकडून पश्चिमेकडे. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी 1950च्या दशकात त्याचा अभ्यास मांडला. मालवणच्या किनाऱ्यावर नैर्ऋत्येचा वारा लाटा आपटत असतो, होड्या वर ओढलेल्या असतात, तेव्हा डोक्यावरचा वारा बरोबर उलट, अरबी समुद्राकडे निघालेला असतो. प्रवासी विमानं त्याच्या थोडी खालून उडतात, पण त्याचा जोर तिथवर पोचतो. म्हणून जुलैत कोकणावरून आखाताकडे निघालेल्या विमानाला सुरुवातीला पाठचा वारा मिळू शकतो.