चेरीवाली आंबट लाल बिअर: आंबलेली की मुरलेली? (पार्श्वभूमी)

मागच्या शनिवारी कर्वेनगरला मित्राकडे आम्ही चौघं बसलो होतो. त्याच्या मावसभावाने बेल्जियमहून येताना कपड्यांच्या घड्यांमध्ये गुंडाळून आणलेली एक बाटली उघडली, चेरी घातलेली आंबट रेड एल (एल म्हणजे लागरपेक्षा जरा उबेत आंबवलेली बिअर). ग्लासात ओतली तर रंग थेट कोकमाच्या आगळासारखा, फक्त जरा तपकिरी झाक, आणि वरचा फेस फिकट गुलाबी. पहिल्या घोटालाच एकजण म्हणाला, "ही आंबलीये रे, खराब झाली असणार." आणि मैत्रीण म्हणाली, "मला तर खोकल्याचं औषध लागतंय." दोघांनाही जे लागलं ते खरंच त्या ग्लासात होतं, प्रश्न एवढाच की ते तिथे का आहे, आणि ते कळल्याशिवाय या बिअरला चांगलं म्हणायचं की वाईट हे ठरवताच येत नाही. म्हणून हे सगळं नीट लिहून काढतोय.

"आंबलीये" हा शब्द आधी घेऊ, कारण आपल्या भाषेत आंबणं आणि आंबट हे एकाच घरातले शब्द आहेत. इडलीचं पीठ आंबतं, आंबील आंबवतात, आणि तिथे आपल्याला काही खटकत नाही. बिअरच्या बाबतीत मात्र खटकतं कारण आपण लहानपणापासून पाहिलेली बिअर म्हणजे बाटलीतली, थंडगार, पिवळी, स्वच्छ लागर, म्हणजे थंडाव्यात आंबवलेली बिअर. पण ही स्वच्छ चव तशी अलीकडची आहे. पाश्चरने दूध आंबवणाऱ्या जंतूंवर १८५७ मध्ये लिहिलं, बिअरवरचं त्याचं पुस्तक १८७६ चं, आणि कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या लॅबमध्ये हॅन्सनने एकाच जातीचं शुद्ध यीस्ट वेगळं वाढवून दाखवलं ते १८८३ मध्ये. त्याच्या आधी शेकडो वर्षं लाकडी पिंपात ठेवलेली बिअर थोड्या दिवसांनी आंबट व्हायचीच, ते टाळायचा खात्रीचा उपाय कोणाकडे नव्हता. मग हुशार लोकांनी त्या आंबटपणालाच वळण लावलं.

यात इंग्लंडचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. तिथे पोर्टर नावाची काळी बिअर प्रचंड मोठ्या लाकडी टाक्यांमध्ये महिनोन् महिने मुरत ठेवायचे, टाक्या केवढ्या तर लंडनमध्ये १७ ऑक्टोबर १८१४ ला अशी एक टाकी फुटली आणि रस्त्यावर आलेल्या लोंढ्यात आठ जणांचा जीव गेला. या मुरलेल्या बिअरला एक खास वास यायचा, जुन्या लाकडाचा, थोडा चामड्यासारखा. तो कशाचा हे १९०४ मध्ये कळलं, पुन्हा कार्ल्सबर्गच्याच लॅबमध्ये, क्लाउसेन नावाच्या शास्त्रज्ञाने ते जंगली यीस्ट शोधलं आणि त्याचं नाव ठेवलं ब्रेट्टानोमायसिस, म्हणजे चक्क ब्रिटिश बुरशी. थोडक्यात ब्रेट.

आता बेल्जियम. पश्चिम फ्लँडर्समध्ये रुसेलारे नावाच्या गावात १८२१ मध्ये अलेक्झांडर रोडेनबाख आणि त्याच्या भावंडांनी ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, घेतली. हा अलेक्झांडर अकराव्या वर्षापासून अंध होता, पॅरिसला व्हालांतँ हाऊईच्या अंधशाळेत शिकला, पुढे बेल्जियम स्वतंत्र झाल्यावर तिथल्या संसदेत बसला. त्याच्या नंतरच्या पिढीतला यूजीन रोडेनबाख १८७० च्या दशकात इंग्लंडला गेला आणि तिथून लाकडात मुरवण्याची आणि जुनी-नवी बिअर मिसळण्याची कला घेऊन आला असं सांगतात. आज त्या ब्रुअरीत ओकच्या लाकडाच्या २९४ उंच टाक्या आहेत, त्यांना फूडर म्हणतात, काही दीडशे वर्षांहून जुन्या. त्यात बिअर दोन-दोन वर्षं पडून असते. लाकडातून अगदी थोडी हवा आत झिरपते, त्या हवेवर व्हिनेगर करणारे जंतू जगतात, आत लॅक्टिक अॅसिड करणारे जंतू म्हणजे आपल्या विरजणातल्यांचेच भाऊबंद असतात, आणि ब्रेट सगळ्यात शेवटी उरलीसुरली साखर चघळत बसतं. प्रत्येक टाकी वेगळी वागते, म्हणून शेवटी चाखून चाखून मिसळायचं. त्यांची साधी रोडेनबाख म्हणजे तीन भाग ताजी आणि एक भाग दोन वर्षांची, ग्रँड क्रू म्हणजे एक भाग ताजी आणि दोन भाग जुनी.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे, मुरणं. कैरीचं लोणचं पहिल्या दिवशी नुसतं आंबट आणि तिखट असतं, चार महिन्यांनी तोच आंबटपणा गोल होतो आणि खारात उतरतो. मला वाटतं या बिअरबद्दल विचारायचा खरा प्रश्न हाच आहे, ही नुसती आंबलीये की मुरलीये.

चेरी या गोष्टीत आली ती ब्रुसेल्सच्या बाजूने. शहराला लागून स्खारबेक म्हणून भाग आहे, एकेकाळी तिथे आंबट चेरीच्या बागा होत्या, शेतकरी गाढवांवर लादून चेरी बाजारात न्यायचे आणि त्यावरून स्खारबेकला गाढवांचं गाव हेच नाव पडलं. फ्लेमिश भाषेत आंबट चेरीला क्रीक म्हणतात, आणि लाम्बिक नावाच्या, हवेतल्या यीस्टवर फसफसणाऱ्या बिअरमध्ये ही फळं बीसकट टाकून महिनोन् महिने ठेवली की तयार होणाऱ्या बिअरचंही नाव क्रीकच. ब्रुसेल्सची कांतियों ब्रुअरी (१९०० पासूनची) लिटरमागे सुमारे २०० ग्रॅम फळ घालते. लाम्बिक ही लाल एल नव्हे, रंग आणि माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) दोन्ही वेगळं, पण चेरी आणि आंबट बिअरची सोयरीक तिथे जुळली आणि मग फ्लँडर्सच्या तपकिरी, लाल बिअरपर्यंत पोचली. रोडेनबाखने १९८६ मध्ये संस्थापकाच्या जन्माला २०० वर्षं झाली म्हणून अलेक्झांडर नावाची आंबट चेरीवाली बिअर काढली, मध्ये बरीच वर्षं ती बंद होती, २०१६ मध्ये परत आली. रोडेनबाखमध्ये काम केलेला पीटर बुकार्ट १९९६ मध्ये अमेरिकेत न्यू बेल्जियम ब्रुअरीत गेला आणि तिथेही लाकडात मुरवलेली आंबट लाल बिअर सुरू झाली. विस्कॉन्सिनमध्ये न्यू ग्लारस ब्रुअरी तिथल्याच माँटमोरेन्सी जातीच्या आंबट चेरी घालून बिअर करते, एका बाटलीमागे पाऊंडभरापेक्षा जास्त.

म्हणजे ही चेरी मुळात गोड नाहीये हे लक्षात घ्यायला हवं, कारण पुण्यात आपली चेरीची कल्पना वेगळीच आहे. पेस्ट्रीवरची ती लालभडक गोळी, ती तर बऱ्याचदा चेरी पण नसते, पाकात मुरवून रंगवलेलं करवंद असतं. आणि खोकल्याचं औषध जे लागतं ते बेन्झाल्डिहाइडमुळे, चेरीच्या बीमध्ये त्याचा उगम आहे, बदामाच्या इसेन्सचा वासही तोच, आणि औषधात घालायच्या स्वस्त चेरी फ्लेवरमध्येही तोच ठासून भरतात. बिअरमध्ये फळ बीसकट मुरलं असेल तर तो वास हळू, मागून येतो. इसेन्स ओतला असेल तर नाकाशी ग्लास नेल्या नेल्या समोर उभा राहतो आणि बाकी काही येऊच देत नाही. तेव्हा मैत्रिणीचं नाक बरोबर होतं, तिला पुढचा प्रश्न फक्त माहीत नव्हता.

पुण्यात आंबट बिअर आली ती मायक्रोब्रुअरींमुळे. म्हणजे जागेवरच बिअर करून विकणाऱ्या छोट्या ब्रुअरी. २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक, मग मुंढवा, बाणेर, बालेवाडीकडे एकेक उघडत गेल्या. नळावर मिळणारी आंबट बिअर बहुतेक वेळा केटल सावर पद्धतीची असते, म्हणजे माल्टचा काढा साधारण ३५ ते ४५ अंशांवर कोमट ठेवून त्याला लॅक्टोचं, म्हणजे त्या लॅक्टिकवाल्या जंतूंचं, विरजण लावायचं, एक-दोन दिवसांत आंबट झाला की उकळून जंतू मारायचे आणि मग नेहमीचं यीस्ट. हे काही कमअस्सल काम नाही, छोट्या जागेत एक टाकी दोन वर्षं अडकवणं परवडत नाही आणि ब्रेट एकदा पाइपात शिरलं की बाकीच्या बिअरमध्ये पण घुसतं. पण तिचा आंबटपणा ताकासारखा सरळ, स्वच्छ असतो, तिला फ्लँडर्सच्या मापाने मोजून नापास करणं मला बरोबर वाटत नाही.

चाखताना मी काय बघतो तर बाटली फ्रीजमधून काढून वीसेक मिनिटं बाहेर ठेवतो, कारण बर्फगार असली की फक्त आंबट आणि तुरट लागतं. कडूपणा शोधत नाही, हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) जास्त घातले तर लॅक्टिकवाले जंतू जगत नाहीत म्हणून तो मुळातच कमी ठेवतात. पहिल्या घोटावर काहीच ठरवत नाही, जीभ दचकलेली असते. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला आंबट कुठे लागतंय ते बघायचं, जिभेच्या कडांना गोलसर लागलं तर दह्याकडचं, घशात आणि नाकात झणका आला तर व्हिनेगरकडचं. व्हिनेगर थोडं असणं या बिअरच्या रक्तातच आहे, पण नेलपॉलिश रिमूव्हरचा वास भसकन आला तर टाकीत हवा जास्त गेली असं समजायचं. आणि शेवटी चेरी, ती त्या आंबटपणातूनच आल्यासारखी वाटते की वरून ओतल्यासारखी, माझ्यासाठी निम्मे मार्क इथेच.

त्या शनिवारी मैत्रिणीने ग्लास बाजूला सारून ठेवला होता. अर्ध्या पाऊण तासाने गप्पांच्या नादात तिने तो परत उचलला, बिअर तोपर्यंत चांगली कोमटली होती, फेस पार बसलेला. तिने वास घेतला, थांबली, परत घेतला आणि म्हणाली, "अरे, जर्दाळू खाऊन झाल्यावर आम्ही ती बी पाट्यावर फोडायचो ना, आतला गर खायला, तसा वास येतोय."

मग बाटलीत जे दोन घोट उरले होते ते तिनेच घेतले.