फ्रीडम कॅम्पिंग (न्यूझीलंड)

कॅम्पग्राउंडचे भाडे न भरता सार्वजनिक जागेत तंबूत, मोटारीत किंवा कॅम्परव्हॅनमध्ये रात्र काढण्याची न्यूझीलंडमधील रूढ पद्धत. तळ्याकाठी गाडी लावून झोपणे हा तिथल्या अनेकांना आपला हक्कच वाटतो, आणि कायद्यानेही तो बऱ्याच अंशी मानला आहे. भाड्याच्या स्वस्त व्हॅन घेऊन फिरणारे परदेशी पर्यटक वाढले, तसा प्रश्न चिघळला. क्वीन्सटाउन, टेकापो अशा मोजक्या ठिकाणी सारी गर्दी लोटते. गावची वस्ती थोडी, पण शौचालये आणि कचऱ्याच्या खर्चाचा मोठा भार पडतो तो स्थानिकांच्या घरपट्टीवर.

२०११ च्या रग्बी विश्वचषकाच्या तोंडावर फ्रीडम कॅम्पिंग कायदा संमत झाला. मोटार जाऊ शकेल अशा जागेपासून किंवा समुद्राच्या ओहोटीरेषेपासून २०० मीटरच्या आत केलेला मुक्काम त्याच्या कक्षेत येतो. लांबच्या प्रवासात थकून रस्त्याकडेला डुलकी काढणारा चालक मात्र त्यातून वगळलेला आहे. मनाई नसेल तिथे परवानगी आहे, हे या कायद्याचे मूळ सूत्र. स्थानिक परिषदेला उपविधी करून एखादी जागा बंद करता येते, पण त्यासाठी कारणे तीनच चालतात: जागेचे रक्षण, येणाऱ्यांचे आरोग्य व सुरक्षितता, आणि त्या जागी जाण्याची वाट मोकळी राहणे. सगळा परिसर एका फटकाऱ्यात बंद करता येत नाही. क्वीन्सटाउन-लेक्स परिषदेचा २०२१ चा उपविधी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला. दावा मोटर कॅराव्हॅन मालकांच्या राष्ट्रीय संघटनेने लावला होता. ‘गावाला त्रास होतो’ एवढे म्हणून कोर्टात भागत नाही, हे त्यातून इतर परिषदांनाही कळले.

या साऱ्या वादाच्या मुळाशी आहे शौचालय. गाडी ‘सेल्फ-कंटेन्ड’, म्हणजे पाणी आणि मैला तीन दिवस स्वतःजवळच ठेवू शकणारी, असावी अशी अपेक्षा असते: माणशी दिवसाला ४ लिटर पिण्याचे पाणी, सिंक, सांडपाण्याची टाकी, झाकणाची कचरापेटी आणि संडास. जुन्या पद्धतीत गाडीवर निळे स्टिकर मिळे आणि हलवता येणारा छोटा संडासही चाले. मग व्हॅनवाले तो पलंगाखाली सरकवून ठेवत, आणि गाद्या अंथरल्या की तो बाहेर काढायला जागाच उरत नसे. स्टिकर कायद्याचे, विधी झुडपाआड! म्हणून २०१७ मध्ये अट घातली गेली की पलंग अंथरलेला असतानाही संडास गाडीच्या आत वापरता आला पाहिजे. २०२३ च्या कायद्याने पुढचे पाऊल टाकून संडास गाडीला पक्का जोडलेलाच हवा असे ठरवले. निळ्या स्टिकरऐवजी हिरवे कार्ड आले आणि अशा गाड्यांच्या नोंदणीवरील देखरेख प्लंबर, गॅसफिटर व ड्रेनलेयर (सांडपाण्याच्या नळ्या टाकणारे) यांच्या मंडळाकडे गेली. पर्यटनाच्या प्रश्नात नळकाम करणाऱ्यांचे मंडळ यावे, हे गमतीचे वाटले तरी अगदी योग्यच आहे. पूर्वी साधा दंड २०० डॉलर होता, तो ४०० झाला; गंभीर प्रकारांत तो त्याहून बराच जास्त आहे.

नुसत्या दंडाने मात्र प्रश्न सुटत नाही. टाक्या रिकाम्या करायला ‘डंप स्टेशन’ जवळ नसेल, तर सेल्फ-कंटेन्ड गाडीही चौथ्या दिवशी इतरांसारखीच होते. म्हणून अनेक परिषदा ठरावीक जागा, रात्रींची मर्यादा, डंप स्टेशन आणि पहाटे फेरी मारणारे कर्मचारी अशी सांगड घालतात.

आपल्याकडे याच जातीचा तंटा गोव्यात दिसला. बस उभी करून उघड्यावर शेगडी पेटवणाऱ्या पर्यटकांवर गोवा सरकारने २०१९ मध्ये कायद्यात बदल करून दंड लावला. महाराष्ट्राच्या २०२१ च्या कॅराव्हॅन पर्यटन धोरणाचा भर मात्र सोयींनी युक्त कॅराव्हॅन पार्कवर आहे. मोकळ्या मुक्कामाचा हक्क हा त्याचा विषय नाही.

घर नसल्यामुळे गाडीत राहणाऱ्या माणसांना २०२३ च्या कायद्याने फ्रीडम कॅम्पिंगच्या व्याख्येतूनच बाहेर ठेवले आहे. त्यामुळे पहाटे काचेवर टकटक करणाऱ्या कर्मचाऱ्याला आतला माणूस सहलीला आलेला आहे की बेघर, हे दंडाची पावती फाडण्याआधी ठरवावे लागते.