तबला सुरात हवा असेल तर आधी घरं जुळवा
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

"नवी पुडी घातलीत, काळी एकला लावून दिलीत, आणि आठवड्याभरात तबला बेसूर वाजायला लागला. मोबाईलवरच्या सूर दाखवणाऱ्या ॲपवर बघितलं तर काळी एकच दाखवतोय. मग बिघडलं काय?"

दुकानात हा प्रश्न सतत येतो, आणि पावसाळा लागला की फोनवरही हाच असतो. काउंटरवर उभ्या उभ्या दिलेलं उत्तर घरी पोचेपर्यंत अर्धं विसरलं जातं, म्हणून ते इथे सविस्तर लिहून ठेवलं आहे. आधी शब्द समजून घ्या. पुडी म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं कातडं, शाई म्हणजे तिच्या मधला काळा गोल, चाट म्हणजे कडेची पट्टी, लव म्हणजे चाट आणि शाई यांच्यामधला भाग, गजरा म्हणजे पुडीच्या कडेची कातड्याची वेणी, वादी म्हणजे पुडी ताणून धरणारी कातड्याची पट्टी, गठ्ठे म्हणजे वादीखाली अडकवलेले लाकडी ठोकळे, खोड म्हणजे तबल्याचं लाकडी अंग, आणि काळी एक म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सूर. वादनाचं तुमचे गुरुजी बघतील, आम्ही वाद्यापुरतं बोलतो.

तबल्याच्या गजऱ्यातून वादी ओवली जाते तेव्हा 16 घरं, म्हणजे वादीच्या ओव्यांमधल्या जागा, पडतात. पुडीचा ताण या सोळा घरांवर वाटलेला असतो. तुम्ही मोबाईल समोर धरून एका जागी 'ना' हा बोल वाजवता, तेव्हा ॲप त्या एका घराचा सूर सांगतं. समोरचं घर पाव सूर उतरलेलं असलं तरी त्याला त्याचा पत्ता नसतो. पण 'तीं' किंवा 'तूं' वाजला की सगळी पुडी बोलते. एका बाजूचा सूर वेगळा, दुसऱ्या बाजूचा वेगळा, आणि दोन्ही एकमेकांना खातात. आवाज हलतो, आस (मागे रेंगाळणारा नाद) मध्येच तुटते. ऐकणाऱ्याला तबला बेसूर लागतो आणि ॲप मात्र काळी एकच दाखवत राहतं. तुमचं ऐकणंही बरोबर आणि ॲपही बरोबर. घरं जुळलेली नाहीत, एवढंच.

साध्या ताणलेल्या कातड्याला नेमका सूर नसतो, फक्त ठोका असतो. तबल्याला तो सूर शाईमुळे मिळतो. मधोमध थरावर थर देऊन घोटलेल्या या वजनामुळे पुडीतून निघणारे वरचे स्वर मूळ स्वराच्या पटीत येतात. सी. व्ही. रामन यांनी 1920 साली 'नेचर' या नियतकालिकात आपल्या चर्मवाद्यांच्या याच गुणाबद्दल लिहिलं होतं. आपल्या कारागिरांनी केवळ कानाच्या जोरावर ही गोष्ट साधली, याचा आम्हाला फार अभिमान आहे. पण शाई कितीही चांगली असो, ताण चहूबाजूंनी सारखा असेल तरच ती आपलं काम करते.

आता मुख्य चूक. दुरुस्तीला आलेला तबला हातात घेतला की आम्ही आधी गजरा बघतो. वाजवणारा ज्या बाजूला बसतो, त्या बाजूचा गजरा बोटभर खाली गेलेला असतो आणि समोरचा काठाला चिकटलेला असतो. म्हणजे सूर उतरला की हातोडी उचलायची आणि सोयीच्या जागी, स्वतःच्या पुढ्यातच, ॲप हिरवं होईपर्यंत ठोकत राहायचं. दोन-चार वेळा हे खपून जातं. मग त्या बाजूने पुडी खाली सरकते, शाई मधोमध राहत नाही, चाट एकीकडे रुंद तर दुसरीकडे अरुंद होते. ओढलेल्या बाजूला खोडाचा काठ कातड्याला कापायला लागतो, आणि एक दिवस बैठकीत पुडी तिथूनच जाते.

असा तबला हातोडीने सरळ होत नाही. सगळी वादी सोडावी लागते, गजरा ओला करून पुडी पुन्हा मधोमध बसवावी लागते, वादी टप्प्याटप्प्याने ओढावी लागते आणि सावलीत सुकू द्यावी लागते. कातडं त्याच तिरक्या आकारात पक्कं झालं असेल तर शाई धडधाकट असूनही पुडी टाकून द्यावी लागते. चांगली पुडी अशी वाया जाते तेव्हा आम्हालाही वाईट वाटतं.

घरच्या घरी तबला लावायचा तो असा. तबला चुंबळीवर नीट बसवा. अनामिका शाईच्या काठावर हलकी टेकवा आणि तर्जनीने चाटेवर 'ना' वाजवा. तबला थोडा फिरवा, पुन्हा वाजवा. एक आड एक, आठ जागी ऐकलं तरी पुरतं. बोटाचा जोर आणि जागा दर वेळी तीच ठेवा, नाहीतर फरक पुडीचा की हाताचा हे कळत नाही. सगळ्यात चढं घर कुठलं ते हेरा आणि बाकीची त्याच्याकडे आणा. तेच घर हव्या सुराच्या वर असेल तर आधी त्याला उतरवा. घर उतरलेलं असेल तर तिथे गजऱ्यावर वरून खाली ठोका, चढलेलं असेल तर गजऱ्याच्या खालच्या अंगाने वर ठोका. एक ठोका, मग ऐकणं, मग लगेच समोरचं घर ऐकणं, कारण इकडचा ताण बदलला की तिकडचाही हलतो. हातोडी गजऱ्यावरच पडली पाहिजे. चाटेवर निसटली तर पुडी गेली, काठावर बसली तर खोडाला टवका उडतो. खिळे ठोकायची हातोडी वापरू नका, तिचा तोल वेगळा असतो.

आठही जागी 'ना' एकसारखा आला की मगच तानपुरा किंवा पेटी सुरू करा. ॲपला आमची ना नाही, तानपुरा नसताना ते उपयोगीच पडतं. पण ॲप बहुधा 440 हर्ट्झच्या प्रमाण सुराच्या हिशेबाने चालतं आणि भजनी मंडळातली जुनी पेटी तिथे असेलच असं नाही. पेटी जिथे असेल तिथे तबला लावायचा.

फरक अर्ध्या सुराच्या आसपास असेल तर गजरा ठोकत बसू नका, गठ्ठ्यांना हात घाला. आठ गठ्ठे आहेत, एकेकाकडे दोन घरं येतात. गठ्ठा खाली ठोकला की सूर चढतो, वर घेतला की उतरतो. एक ठोकला की त्याच्या समोरचा, मग मधले, असं करत सगळे सारखे खाली घ्या आणि शेवटी घरं पुन्हा तपासा. गठ्ठे पार बुडाशी पोचलेत आणि तरी सूर येत नाही, याचा अर्थ वादी सैल झाली आहे. ती ओढून घेण्याचं काम दुकानातच करा. त्या अवस्थेत घरी चालवलेल्या हातोडीने नुसती वाट लागते.

पट्टीबद्दलही थोडं. साडेपाच इंची तोंडाचा तबला काळी एकला छान बोलतो. तो अर्धा सूर वर, फार तर एक सूर खाली न्यावा. त्यापलीकडे ओढाल तर पुडीचं आयुष्य कमी होतं, आणि सैल सोडाल तर आवाजात दम राहत नाही. "गाणाऱ्या ताईंची पट्टी काळी चार आहे, दुसरा तबला घ्यावा लागेल का?" असं विचारतात. लगेच नाही. काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एक. मध्यमाला लावलेला तुमचा तबला मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागाला तर हवाच असतो. काळी तीनला गाणारे असतील तर त्यांचा पंचमही काळी एकच. मात्र षड्जाला (सा ला) लावलेलाच तबला हवा, आणि साथ नेहमीची असेल, तर मोठ्या तोंडाचा ढाला, म्हणजे खालच्या सुराचा, तबला वेगळा घेणंच शहाणपणाचं. आमच्याकडे शिसवी आणि बाभळीच्या खोडांत असे तबले तयार असतात. आधी वाजवून बघा, मग ठरवा.

हवामानाचा त्रास सगळ्यांनाच आहे. बकऱ्याचं कातडं दमट हवेत पाणी ओढतं आणि सैलावतं. गणपतीत आरतीपासून भजनापर्यंत सगळीकडे उतरलेले तबले ठोकून चढवले जातात, आणि त्यात चूक काही नाही. चूक पुढे होते. उत्सव संपतो, तबला तसाच चढलेला माळ्यावर जातो, आणि ऑक्टोबरचं ऊन पडलं की कातडं सुकून आपोआप आणखी ताणतं. दसरा-दिवाळीत फाटक्या पुड्यांची रांग लागते ती यामुळे. विसर्जन झालं की दोन मिनिटं काढून सगळे गठ्ठे थोडे वर घ्या. तव्यावर, गॅसजवळ, हीटरसमोर किंवा थेट उन्हात तबला शेकू नका, शाईला तडे जातात. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीतही ठेवू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो, सुती कापड आणि जाड खोळ बरी. एसी हॉलमध्ये कार्यक्रम असेल तर तबला अर्धा तास आधी स्टेजवर नेऊन ठेवा आणि मग लावा. परदेशी राहणाऱ्यांनी हिवाळ्यात, घरात हीटर चालू असताना, तबला न वाजवता ठेवायचा असेल तर उतरवूनच ठेवावा.

पावडर कमी वापरा. चाट आणि लव यांच्या फटीत ती जाऊन बसते, घामाने तिचा चिखल होतो आणि आवाज बसतो. वाजवताना झर्र असा आवाज यायला लागला तर शाई सुटू लागली आहे. लवकर दाखवलंत तर पुष्कळदा पुडी वाचते. डग्ग्याला नेमका स्वर लावायचा नसतो, पण त्याचीही घरं सारखी हवीत, नाहीतर घुमारा फुटका येतो. वारकरी मंडळींना विनंती, की पखवाजाच्या धुमेवरची, म्हणजे डाव्या तोंडावरची, कणीक भजन संपल्यावर खरवडून काढा. ती तशीच राहिली तर उंदीर कणकेबरोबर कातडंही खातात.

आमच्या पद्धतीबद्दल दोन तक्रारी कानावर येतात. पहिली, की पुडीला आम्ही चार दिवस घेतो, दुसरीकडे तासाभरात मिळते. मिळते, खरं आहे. पण ओल्या पुडीवर वादी एकाच दमात ओढली तर ती सुकल्यावर वेडीवाकडी बसते. आम्ही ती ओढतो, सुकू देतो, वाजवून बघतो आणि पुन्हा ओढतो. हा वेळ कमी करणार नाही. दुसरी तक्रार, की नवी पुडी घरी नेल्यावर उतरते. ती उतरणारच. नवं कातडं वाजवता वाजवता ताणतं. म्हणूनच पहिल्या महिन्यात एकदा वादी ओढून घरं जुळवून देण्याचे आम्ही पैसे घेत नाही. पुष्कळ जण यासाठी येतच नाहीत आणि स्वतः एका जागी ठोकत बसतात. कृपया या. ते काम पुडीच्या किमतीतच धरलेलं आहे.

गणेशोत्सवाच्या आधीचे पंधरा दिवस आणि डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाच्या आसपास कारागिरांना मान वर करायला फुरसत नसते. पुडी बदलायची असेल तर आषाढातच तबला आणून टाका. सकाळी गर्दी नसते, तेव्हा आलात तर शेजारी बसून घरं जुळवायला शिकवतो. शिकवण्याचे पैसे नाहीत. येताना तबला, चुंबळ आणि तुम्ही नेहमी वापरता ती हातोडी सोबत आणा.