मुलाखतीतून माणूस कितपत कळतो?

हिंजवडीतली आयटी कंपनी असो, चाकणचा मोटारींचे सुटे भाग बनवणारा कारखाना असो की भोसरीतले छोटे वर्कशॉप, नवा माणूस घेण्याचा अखेरचा निर्णय बहुतेक ठिकाणी मुलाखतीवरच होतो. गाव कुठले, आधीची नोकरी का सोडली, अशा मोकळ्या गप्पांतून माणूस ओळखता येतो, असा अनेक अनुभवी अधिकाऱ्यांचा प्रामाणिक विश्वास असतो. संशोधनाने हा विश्वास वारंवार तपासला आहे आणि तो फारसा टिकलेला नाही.

जेसन डाना, रॉबिन डॉझ आणि नथॅनियल पीटरसन यांनी 2013 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत विद्यार्थ्यांना दुसऱ्या विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेऊन त्यांच्या आगामी सत्रातील गुणांचा अंदाज बांधायला सांगितले होते. मुलाखत न घेता, केवळ मागील गुण पाहून केलेले अंदाज अधिक अचूक निघाले. त्याहून अस्वस्थ करणारी बाब अशी, की काही मुलाखतींत उत्तर देणारे खरे उत्तर न देता एका ठरावीक, अर्थहीन नियमाने 'हो' किंवा 'नाही' म्हणत होते, तरीही समोरच्याला त्याचा संशय आला नाही आणि आपल्याला हा माणूस समजला असेच वाटत राहिले. कारण मिळेल त्या उत्तरांतून सुसंगत चित्र उभे करण्याची मनाला सवयच असते.

मग मुलाखत सोडूनच द्यावी का? तसे नाही. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये निवडीच्या विविध पद्धतींवरील जुन्या अभ्यासांचा फेरआढावा घेतला. पद्धतीने वर्तवलेला अंदाज आणि पुढे दिसलेले प्रत्यक्ष काम यांचा मेळ मोजणारा सहसंबंध गुणांक (0 म्हणजे मेळ नाही, 1 म्हणजे पूर्ण मेळ) मोकळ्या मुलाखतीसाठी 0.19, तर आखीव मुलाखतीसाठी 0.42 आला, आणि तपासलेल्या पद्धतींत तोच सर्वाधिक होता. नुसत्या अनुभवाच्या वर्षांचा गुणांक जेमतेम 0.07 होता, 'किमान पाच वर्षांचा अनुभव हवा' असे जाहिरातीत छापणाऱ्यांनी या आकड्याचा गांभीर्याने विचार करावा, असे मला वाटते.

आखीव मुलाखतीत प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारले जातात आणि ते प्रश्न त्या कामातूनच काढलेले असतात. उदाहरणार्थ, सुपरवायझरच्या जागेसाठी: रात्रपाळीत मशीन बंद पडले, सकाळी माल पाठवायचा आहे आणि मेंटेनन्सचा माणूस आलेला नाही, तर तुम्ही काय कराल? कोणत्या उत्तराला एक गुण, कोणत्याला पाच, हे आधीच लिहून ठेवलेले असते, आणि मुलाखत घेणारे आपापसांत बोलण्यापूर्वी स्वतंत्रपणे गुण देतात. त्यामुळे उमेदवार आपल्याच कॉलेजचा आहे किंवा सफाईदार इंग्रजी बोलतो, अशा कामाशी संबंध नसलेल्या गोष्टींचा प्रभाव कमी होतो. मराठी माध्यमातून शिकून आलेल्या, पण कामात वाकबगार असलेल्या मुलामुलींच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे आहे.

अर्थात 0.42 हा आकडा 1 पासून बराच दूर आहे, आणि वेगवेगळ्या अभ्यासांत तो बराच कमी-अधिकही आढळला आहे. म्हणून प्रश्न इंटरनेटवरून उचलण्याऐवजी, तेच काम रोज करणाऱ्या कामगारांना सोबत घेऊन तयार करणे अधिक योग्य ठरते.