खडूची रेघ आणि हळूच बसणारा जॅक

गाडीचं पुढचं डावं चाक काढून बाजूला ठेवलं होतं. ब्रेक पॅड किती झिजलेत ते बघायचं होतं. टॉर्च आणायला घरात गेलो, पाचेक मिनिटांनी पोर्चमध्ये परत आलो, तर ब्रेकची डिस्क फरशीच्या जरा जवळ आल्यासारखी वाटली. भास असेल म्हणून मडगार्डच्या कडेच्या उंचीला शेजारच्या भिंतीवर खडूने रेघ मारली आणि लांब उभा राहिलो. पंधरा मिनिटांत कड रेघेच्या बोटभर खाली आली होती. फरशीवर तेलाचा एक थेंबही नव्हता. जॅक दिसायला दणकट होता, जाड पत्रा, जाड वेल्डिंग, वर झगझगीत लाल रंग. त्यातलं काहीच त्या गाडीला धरून ठेवत नव्हतं.

गाडी धरली जाते ती तेलावर. ते तेल जागेवर कोण ठेवतं, हे कळलं की जॅक घेताना कुठे बघायचं हे आपोआप कळतं.

ट्रॉली जॅकच्या, म्हणजे चाकांवर सरकणाऱ्या लांब दांड्याच्या जॅकच्या, पोटात दोन दट्टे असतात, एक बारीक आणि एक जाड. दांडा वर-खाली केला की बारीक दट्ट्या टाकीतलं तेल ओढतो आणि जाड दट्ट्यामागे ढकलतो. बंद जागेतल्या द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हा ब्लेझ पास्कलचा नियम. त्याचा यावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1663 मध्ये छापला गेला. दाब सारखा, पण क्षेत्रफळ वेगळं, म्हणून बल वेगळं. बारीक दट्ट्या 10 मिलिमीटर व्यासाचा आणि जाड 40 मिलिमीटरचा धरला, तर व्यास चौपट आणि क्षेत्रफळ सोळापट. म्हणजे बलही सोळापट.

त्यात दांड्याची तरफ आली. 60 सेंटिमीटरचा दांडा बारीक दट्ट्याला 3 सेंटिमीटरवरून दाबत असेल तर आणखी वीसपट, एकूण 320 पट. पण यातला मोठा वाटा पुढे परत द्यावा लागतो. ट्रॉली जॅकचा जाड दट्ट्या गाडीला थेट उचलत नाही. तो एका लांब हाताच्या मुळाशी ढकलतो आणि गाडी टेकते त्या हाताच्या टोकावर. मुळाची थोडी हालचाल टोकाला पाचपट व्हावी असा हात असेल, तर उंची पाचपट मिळते आणि बल पाचपट कमी होतं. 320 भागिले 5, उरले 64. अकराशे किलोच्या गाडीची इंजिनकडची बाजू साधारण 640 किलो भरली, तर दांडा मारणाऱ्या माणसाला लागतं सुमारे 10 किलोचं बल, घर्षणाचं थोडं वर. म्हणून सत्तरीतले आजोबाही गाडी उचलू शकतात. किंमत मोजावी लागते ती फेऱ्यांची. दांड्याचं टोक 40 सेंटिमीटर खाली आलं की गाडी जेमतेम 6 मिलिमीटर वर जाते.

आता त्याच उदाहरणात तेलाचं काय होतं ते बघा. हाताच्या मुळाशी 3200 किलोचं बल हवं, आणि ते पेलणाऱ्या दट्ट्याचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस सेंटिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर अडीचशे किलोहून जास्त. गाडीच्या टायरमध्ये आपण त्याच मापात सव्वादोन किलोच्या आसपास दाबाची हवा भरतो. त्याच्या शंभरपटीहून जास्त दाब त्या मुठीएवढ्या नळकांड्यात असतो, आणि तो अडवून धरतात एक रबरी सील आणि ज्वारीच्या दाण्याएवढ्या एक-दोन पोलादी गोळ्या.

माझ्या जॅकची गोष्ट या गोळीचीच होती. दांडा पिळून आपण जॅक 'घट्ट' करतो तेव्हा ही गोळी एका भोकाच्या काठावर दाबली जाते आणि तेलाची परतीची वाट बंद होते. त्या काठावर धातूचा एक कीस किंवा वाळूचा कण अडकला की केसाएवढी फट राहते. तेल बाहेर सांडत नाही, आतल्या आत टाकीत परत जातं. म्हणून फरशी कोरडी आणि गाडी मात्र खाली. जॅक उघडला तेव्हा टाकीच्या तळाशी बोटाला लागेल इतका चमचमता कीस होता. भोकं पाडून झाल्यावर कारखान्यात कुणी तो धुऊन काढलेला नव्हता. बाहेरच्या रंगावर मेहनत घेतली होती, आतल्या स्वच्छतेवर नाही. स्वस्त जॅक आणि चांगला जॅक यांच्यातला फरक बऱ्याचदा एवढाच असतो, आणि तो दुकानात डोळ्यांना दिसत नाही.

सीलची कहाणी तर या यंत्राइतकीच जुनी आहे. लंडनमधला कुलपं बनवणारा जोसेफ ब्रामा याने 1795 मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं, म्हणजे याच तत्त्वावर चालणाऱ्या दाबयंत्राचं, पेटंट घेतलं. तत्त्व बरोबर होतं, पण दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी निसटायचं. कड घट्ट आवळली तर दट्ट्याच अडकायचा. तोडगा निघाला तो इंग्रजी यू अक्षरासारखी वळवलेली चामड्याची चकती बसवून, आणि त्याचं श्रेय ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ले याला दिलं जातं. आतला दाब वाढेल तशी या चकतीची कड दाबाच्याच जोराने भिंतीला जास्त घट्ट चिकटते. दाब गेला की सैल होते. गळती करू पाहणाऱ्या पाण्यालाच गळती थांबवायला लावायचं, ही मला तरी यंत्रशास्त्रातल्या सगळ्यात सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. चामड्याच्या जागी आता कृत्रिम रबर आलं आहे, पण वळवलेल्या ओठाची ती युक्ती आजही वापरात आहे.

हा ओठ कापला जातो तो दट्ट्यावरच्या ओरखड्याने किंवा गंजाच्या पुळीने. म्हणून जॅक निवडताना जॅकचा हात पूर्ण वर करायला लावा आणि दट्ट्या जिथपर्यंत दिसतो तिथपर्यंत टॉर्च मारून बघा. मुलामा आरशासारखा हवा. नखाला कुठेही खडबडीत लागलं तर तो नग नको. मग दुकानदाराला विनंती करून जॅकवर खरं वजन चढवा, दुकानापुढे उभी असलेली तुमचीच गाडी चालेल. तिच्याखाली कुणी जाणार नाही एवढं बघा, मडगार्डजवळ मोजपट्टी उभी करा आणि पंधरा मिनिटं थांबा. चहा पिऊन होतो तेवढ्यात. चांगला नवा जॅक या वेळात डोळ्यांना दिसेल इतका खाली येत नाही. शेवटी उतरवताना दांडा थोडाथोडा सोडा. गाडी तशीच हळूहळू उतरली पाहिजे. काही जॅक एका बिंदूपर्यंत हलतच नाहीत आणि मग धाडकन बसतात, ते घेऊ नयेत. आणि दुरुस्तीचं सील-किट मिळतं का, हे विचारायला संकोच करू नका. सील झिजणारच. ते बदलता येत नसेल तर उरलेलं सगळं पोलाद भंगारात जातं.

क्षमतेचा आकडा सोपा आहे. जॅक सगळी गाडी उचलत नाही, एक टोक उचलतो. नऊशे किलोच्या आसपासच्या स्विफ्टला 2 टनी जॅक पुरून उरतो. इनोव्हा किंवा दोन टनांपुढची फॉर्च्युनर घरी असेल तर 3 टनी घ्यावा. ॲल्युमिनियमचे जॅक हलके, उचलायला सोयीचे. पण पोलादाला जसं एका मर्यादेखालचं बल कितीही वेळा सोसता येतं, तसं ॲल्युमिनियमचं नाही, त्याचा थकवा साठत जातो. जॅक पोर्चच्या कोपऱ्यातच राहणार असेल तर मी पोलादी घेईन. पाठीचा त्रास असेल तर वजनाचा विचार आधी.

फरशीबद्दल मात्र जरा थांबून सांगावंसं वाटतं, कारण आपल्याकडचे बहुतेक घरगुती गॅरेज म्हणजे बंगल्याचा पोर्च किंवा सोसायटीचं पार्किंग. उचलणाऱ्या हाताचं टोक सरळ वर जात नाही, कंसात फिरतं. गाडी वर जाते तसं ते टोक काही सेंटिमीटर आडवंही सरकतं. गाडीची टेकायची जागा मात्र आडवी सरकत नाही. म्हणून जॅकने स्वतः सरकायचं असतं, आणि त्याला लोखंडी चाकं आहेत ती त्यासाठी, नुसती ओढून न्यायला नव्हेत. कोब्यावर तो गुपचूप सरकतो. पेव्हर ब्लॉकच्या फटीत किंवा मातीत चाक रुतलं की सरकणं थांबतं, आडवं बल साठत जातं आणि गाडी जॅकवरून घसरते. पेव्हर असतील तर खाली जाड, सपाट लोखंडी पत्रा घाला. आणि घेताना चारही चाकं हाताने फिरवून बघा. ती अडखळत असतील तर बाकीचं बघायचीही गरज नाही.

हँडब्रेक ओढला की झालं, असंही नाही. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो. मागची बाजू उचलली की ब्रेक लागलेली चाकं हवेत आणि मोकळी चाकं जमिनीवर. गिअरमध्ये ठेवण्याचंही तसंच. इंजिन पुढची चाकं फिरवत असेल आणि त्यातलं एक हवेत असेल, तर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरन्शियलमुळे ते फिरतं आणि जमिनीवरचं चाक मोकळं होतं. म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी पाचर हवीच.

आता जॅक कितीही चांगला घेतला, तरी तो उचलण्यासाठी आहे, धरून ठेवण्यासाठी नाही. वेल्समध्ये मेनाई सामुद्रधुनीवर इंजिनिअर रॉबर्ट स्टीफन्सन ब्रिटानिया पूल बांधत होता. किनाऱ्यावर तयार केलेल्या अवाढव्य लोखंडी नळ्या, मोठ्या गाळ्यांसाठी एकेक सुमारे दीड हजार टनांची, तराफ्यांवरून आणून हायड्रॉलिक प्रेसने वर चढवायच्या होत्या. स्टीफन्सनचा आग्रह होता की नळी जसजशी वर जाईल तसतसा तिच्याखाली इंचाइंचाने भराव चढवत न्यायचा. काम रेंगाळत होतं, पण तो हटला नाही. ऑगस्ट 1849 मध्ये एका प्रेसचं नळकांडं फुटलं. नळी काही इंच खाली आली आणि भरावावर टेकली. पूल पुढच्या वर्षी खुला झाला.

गॅरेजमध्ये या भरावाला घोडी म्हणतात. तीन-चार पायांची, दातेरी किंवा खिळ घालायची, आत तेल नाही, सील नाही, गोळी नाही. नुसतं पोलाद पोलादावर टेकलेलं. गाडी उचलायची, कंपनीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागी घोड्या लावायच्या, जॅक हळूच सोडून भार घोड्यांवर आणायचा, गाडीला हाताने हलवून बघायचं, मगच खाली डोकं घालायचं. जॅक आणि घोड्यांचं मिळून जे बजेट असेल, त्यातून आधी घोड्यांचे पैसे बाजूला काढावेत.

माझा जॅक मी टाकला नाही. टाकी धुतली, गोळी आणि तिची बैठक साफ केली, सील-किट बसवलं आणि जॅकसाठीचं हायड्रॉलिक तेल भरलं. घरात ब्रेक ऑइलची बाटली होती, पण ते तेल नव्हेच. ग्लायकॉलचं असतं, आणि या सीलचं रबर त्यात फुगून मऊ पडतं. मग गोळीचा तो परतीचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून दहा-बारा वेळा दांडा मारला, आत अडकलेली हवा टाकीत बुडबुड करत वर आली.

दरवर्षी खंडेनवमीला हत्यारं पुजायच्या आधी मी तो बाहेर काढतो. पावसाळा नुकताच सरलेला असतो, गंज धरला असेल तर तेव्हाच दिसतो. दट्ट्या पूर्ण बाहेर काढून तेलाच्या फडक्याने पुसायचा, चाकांत दोन थेंब, आणि परत पूर्ण खाली बसवून ठेवायचा, म्हणजे मुलामा वर्षभर तेलात बुडून राहतो. त्याआधी गाडीचं तोंड उचलून, घोड्या कडेला तयार ठेवून, भिंतीवर खडूची रेघ. यंदा पंधरा मिनिटांनी कड रेघेवरच होती. मग जॅकला हळद-कुंकू लावलं, दोन्ही घोड्यांनाही.